डाव केव्हा चढवावा?



आपले शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे लहानपणी आपण सर्वांनी ऐकले आहे. शिलालेख मात्र शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, आणि शिलाहार राजा माम्वाणी यांची साक्ष देतो. तरी पांडवांचे नाव निघालेच आहे, तर थोरल्यापासूनच आरंभ करतो. धर्मराजाने द्यूतात धन घालवले, मग राज्य, मग भाऊ, मग स्वतःला, आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावले. प्रत्येक डाव आधीच्याहून चढा, आणि प्रत्येक डाव हरल्यानंतर मांडलेला. कपट शकुनीचे होते हे खरे. चढत जाणे मात्र धर्मराजाचे.

पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळात मुरलेली माणसे नेमकी उलट वागतात. मी जुगाराची भलामण करीत नाही. २०२५ साली केंद्र सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो बराच केला. पोरांचे पगार मोबाइलमध्ये बुडताना मी पाहिले आहेत. परंतु शहाणपण कोणाकडूनही घ्यावे. ज्या टेबलावर बसायला हजार रुपये लागतात, तेथे बसण्यापूर्वी गाठीशी वीस-तीस हजार असावेत, आणि तेही घरखर्चातले नव्हेत, असे ती माणसे म्हणतात. लागोपाठ हरलात तर मुकाट्याने खालच्या टेबलावर या. चार रात्री जिंकलात म्हणून चढू नका. कदाचित पानेच चांगली आली असतील.

यामागे गणित आहे. छापा-काट्याचा निर्मळ खेळ घ्या, दर खेपेस एक रुपया. माझ्याजवळ दहा रुपये, समोरच्याजवळ नव्वद. एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळलो, तर दहांत नऊ वेळा माझाच रिकामा होतो. लबाडी कोणाचीच नाही. त्याला वाईट दिवस सोसतात, मला सोसत नाहीत, एवढेच.

आता संपाकडे येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यापूर्वी डॉ. दत्ता सामंतांनी इंजिनिअरिंग कारखान्यांत भरघोस पगारवाढी मिळवल्या होत्या. पण तेथे बंद पडलेला प्रत्येक दिवस मालकाला जाचत होता. जुन्या यंत्रांच्या, पडून राहिलेल्या कापडाच्या गिरणीमालकाला तो तसा जाचला नाही, असे माझे मत आहे. मागण्या रास्त होत्या, धैर्य अपार होते, गावाकडून धान्यही आले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही.

माझीही चूक सांगतो. येथल्याच एका कारखान्यात आम्ही एक दिवसाचा संप केला. दुपारीच बोलावणे आले. पोरांनी मला खांद्यावर घेतले. तीन महिन्यांनी बेमुदत संप पुकारला, तेव्हा कळले की, पहिल्या खेपेस त्यांच्या डोक्यावर मोठी ऑर्डर होती. या खेपेस गोदाम भरलेले होते. एकेचाळीस दिवसांनी जुन्याच पगारावर आत गेलो. एका भगिनीचे गहाण टाकलेले मंगळसूत्र आजही सुटलेले नाही.

तेव्हापासून मी एक वही बाळगतो. घरोघर जाऊन विचारतो : किराणा किती दिवसांचा? वाण्याची उधारी किती? पोरांची फी केव्हा? आणि ट्रक भरणाऱ्या हमालांना विचारतो, गोदामात माल किती? गेल्या खेपेस घरटी अकरा दिवस निघाले. मी बेमुदत संपाला नाही म्हणालो, दोन तासांच्या गेटसभेवर थांबलो. तरुणांनी मला भित्रा म्हटले. म्हणोत. वही पिशवीत आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची त्यांना नावे झाकून दाखवीन.