क्रीडांगणाची वाट पाहताना

मृगाच्या सरी पडून जमीन जरा मऊ झाली, की आमच्या वर्धा-नागपूरकडच्या पोरांच्या पायांना फुटबॉल आठवतो. या खेळाला साहित्य ते काय लागते? एक चेंडू आणि मोकळी जागा. चेंडू वर्गणी काढून आणता येतो, जागेचे मात्र तसे नाही. म्हणून फुटबॉलच्या शौकिनांची एक जुनी तक्रार आहे. मुंबईला जा, गोव्याला जा, नाहीतर आमच्या सिंदी मेघेला या (तान्ह्या पोळ्याची सिंदी रेल्वे ती निराळी, आमची सिंदी वर्धा शहराला खेटून आहे), तक्रार एकच: "स्टेडियम होणार, होणार म्हणतात, पण होणार कधी?"

पुष्कळांना ही हौशी लोकांची कुरकुर वाटते. गावात रस्ता धड नाही, दवाखान्यात औषध नाही, तिथे स्टेडियमचे काय घेऊन बसलात, असे ते विचारतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण रस्ता दहा वर्षांनी झाला तरी त्यावरून चालणारा माणूस चालतोच. क्रीडांगण दहा वर्षांनी झाले, तर ज्याच्यासाठी ते मागितले तो पोरगा तोवर खेळायच्या वयातून निघून गेलेला असतो. शौकिनांच्या चिडण्याचे मूळ इथे आहे.

मुंबईचेच उदाहरण घ्या. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकाचे सामने ज्या कुपरेज मैदानावर वर्षानुवर्षे रंगले, त्याच्या नूतनीकरणाचे काम निघाले. त्या वेळी 'मुंबई एफसी' नावाचा, २००७ साली स्थापन झालेला संघ देशाच्या आय-लीग स्पर्धेत खेळत होता. मैदान कामात अडकले, आणि या संघाला आपले 'घरचे' सामने काही मोसम पुण्याला, बालेवाडीत खेळावे लागले. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मैदानावर जाणारा मुंबईचा शौकीन घरचा सामना पाहायला पुण्याला कसा जाणार? पुढे संघ कुपरेजवर परतला खरा, पण २०१७ साली तो आय-लीगमधून खाली घसरला आणि मग बंदच पडला. निव्वळ मैदानामुळे तो बुडाला असे मी म्हणणार नाही. संघ चालवायला पैसा लागतो, इतरही कारणे असतात. तरीपण ज्या वर्षांत प्रेक्षक जोडायचे तीच वर्षे परगावी गेली. बैल गेला आणि झोपा केला, अशातलाच हा प्रकार.

गोव्यात तर फुटबॉल म्हणजे घरचा खेळ. तेथे लुसोफोनिया स्पर्धा २०१३ च्या नोव्हेंबरात व्हायच्या होत्या. तयारी पुरी झाली नाही म्हणून त्या जानेवारी २०१४ मध्ये झाल्या. दोन महिन्यांचा उशीर एकवेळ चालेल. पण राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे पाहा. पस्तिसावी स्पर्धा २०१५ साली केरळात झाली. छत्तिसावी गोव्यात व्हायची होती. ती पुनःपुन्हा लांबत गेली, पुढे कोरोनाची साथ आली, आणि शेवटी ती २०२२ साली गुजरातेत झाली. गोव्याला सदतिसावी स्पर्धा मिळाली ती २०२३ साली. मधली सात वर्षे मोजा. २०१५ साली जो खेळाडू एकोणीस वर्षांचा होता, तो पुढच्या स्पर्धेच्या वेळी सव्वीस वर्षांचा झाला. त्याच्या पायातली ती वर्षे कोणत्या अंदाजपत्रकात धरायची?

असे का होते, हेही समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपला राग वाऱ्यावर जातो. क्रीडांगणासाठी आधी जागा निश्चित होऊन ताब्यात यावी लागते. मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी काम सुरू करण्याचा आदेश. यातली एक पायरी अडली की दिवस जातात. दिवस गेले की सिमेंट, लोखंड, मजुरी यांचे दर वाढतात. दर वाढले की जुने अंदाजपत्रक तोकडे पडते, मग सुधारित मान्यता घ्यायची आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. म्हणजे उशिरातून नवा उशीर जन्मतो. आपल्या राज्यात २००१ च्या क्रीडा धोरणापासून विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुले बांधायची योजना आहे. तालुका संकुलाची खर्चमर्यादा एक कोटी रुपये होती, ती २०२२ साली पाच कोटी केली. पैसा वाढला ही चांगली गोष्ट आहे, पण पैशाबरोबर तारीख बांधली नाही, तर वाढलेला पैसाही तोकडा पडायला वेळ लागत नाही.

उशीर फक्त आपल्याकडेच होतो असे मात्र समजू नका. लंडनचे वेम्ब्ली स्टेडियम २००० साली बंद झाले. नवे २००६ मध्ये तयार व्हायचे होते, ते उघडले मार्च २००७ मध्ये. तिथलेही शौकीन रागावले. पण २००१ ते २००६ पर्यंतचे एफए करंडकाचे सहाही अंतिम सामने वेल्समधल्या कार्डिफच्या मैदानावर झाले. इमारत रखडली, खेळ रखडला नाही. आपण धडा घ्यायचा तो हा: काम सुरू करतानाच, ते पुरे होईपर्यंत पोरांनी खेळायचे कुठे, हे ठरवले पाहिजे.

आता आपल्या गावाकडे वळू. मोठ्या सामन्याचे फुटबॉल मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. शेतकऱ्याच्या हिशेबाने पावणेदोन एकर, कडेची जागा धरून दोन एकर. शाळकरी पोरांना याच्या निम्म्यातही खेळता येते. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यात पाय अडकून मुरगळतो. पावसात ती बुटाला धरून बसते. म्हणून पाण्याचा निचरा होईल असा उतार द्यावा, कडेने चर खणावा, योग्य थर देऊन मैदान दाबून घ्यावे. नुसता मुरूम पसरला तर पडल्यावर गुडघे सोलतात, तेव्हा त्यावर माती आणि हरळी हवी. या कामाला कोट्यवधी रुपये लागत नाहीत, पण लक्ष मात्र रोज लागते.

आणि जागा? आमच्या सिंदीसारखी शहराला लागून असलेली गावे बघता बघता ले-आउटांनी भरतात. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. त्या जागेवर फलक आहे का, कुंपण आहे का, की तिथे गिट्टीचे ढीग आणि कचरा पडला आहे, हे आपण कधी पाहतो का? नवे स्टेडियम मागताना हातातले मैदान गेले, तर दोन्हीकडून नुकसान आपलेच.

स्टेडियमवाचून खेळ उभा राहतो याचा दाखला नागपुरातच आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉलचे काम सुरू केले, ते 'स्लम सॉकर' नावाने जगभर पोचले. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' हा चित्रपट त्यावरूनच निघाला. पण यावरून 'बघा, स्टेडियमची गरजच नाही' असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. अडचणीत खेळणाऱ्या पोराचे कौतुक करायचे आणि त्याची अडचण तशीच ठेवायची, हा काही न्याय नव्हे.

मग करायचे काय? नुसते चिडून भागत नाही. ग्रामसभेत उभे राहून तीन प्रश्न विचारा. जागा कोणाच्या नावावर आहे? पैसा किती आला आणि किती खर्च झाला? पुढचा टप्पा कोणत्या तारखेला पुरा होणार? उत्तर मिळाले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेत पाचवीत आलेले मूल सहा वर्षांत दहावी होऊन बाहेर पडते. हेच त्याचे खेळ शिकायचे वय. तेव्हा आहे त्या मैदानातले दगड मुलांकडून वेचून घ्या, चुन्याच्या रेघा मारा, आणि आठवड्यातले दोन दिवस तरी मुलांबरोबर मुलींनाही तिथे उतरवा. स्टेडियमसाठी अर्ज करत राहाच, तो आपला हक्क आहे. पण ज्या दिवशी त्याचे फाटक उघडेल, त्या दिवशी आत शिरायला आपल्या गावचा एक तयार संघ दारात उभा असला पाहिजे.