महिन्याची एक बैठक

(गणेशोत्सवातील भाषण)



जानेवारी २०१० मध्ये पुण्यात आणि त्याच वर्षी मे महिन्यात दादरला मराठी ब्लॉग लिहिणारे जमले. लिखाणातूनच ओळख असलेली माणसे समोरासमोर बसली, लिहिण्यातल्या अडचणी बोलली. तशी छोटी बैठक रामाकोन्यातही व्हावी, एवढीच माझी विनंती आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आपला सौंसर-पांढुर्णा भाग मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, शाळेत हिंदी. बाहेरच्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार तेवढी ठाऊक. वर्षाचे बाकीचे दिवस कोण लिहिणार? ब्रॉडगेज आली, छिंदवाडा-नागपूर छोटी लाईन गेली. तिच्यातून प्रवास केलेली माणसे अजून आपल्यात आहेत. संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार सांभाळणारे शेतकरी आहेत. त्यांचे शब्द त्यांच्याबरोबरच जाऊ नयेत.

म्हणून महिन्यातून एका रविवारी चार जण बसू. मोबाईलवर मराठी कसे उमटवायचे ते मुलांनी दाखवावे, जुने शब्द आजी-आजोबांनी सांगावेत. लिहिलेले मोठ्याने वाचावे. शुद्धलेखन नंतर पाहता येईल. पण बोली पुसू नये. फोटोखाली गाव आणि वर्ष घालावे. दुसऱ्याचे घेतले तर त्याचे नाव द्यावे. पहिला लेख दहा ओळींचा असला तरी पुष्कळ.

विसर्जनाआधी पहिला रविवार ठरवू या.

गणपती बाप्पा मोरया!