तीन वेळां दाबलेली कळ

मोबाईलची कांच वाढत गेली, कडेच्या कळा मात्र दोन-तीनच उरल्या. कामें कमी झालीं नाहींत. म्हणून एकाच कळीला अनेक अर्थ द्यावे लागले. चालू-बंद करण्याची कळ एकदां दाबली कीं पडदा उजळतो. लागोपाठ दोनदां दाबली तर पुष्कळ यंत्रांत कॅमेरा उघडतो.

यंत्राला हा भेद कळतो कसा? कळ दाबतांच तिच्या आंतील धातूचे स्पर्शबिंदु क्षणभर थडथडतात. ही थडथड वगळली नाहीं तर एका दाबाचे चार दाब मोजले जातील! त्यानंतर दुसऱ्या दाबाची वाट पाहणें आलें. अँड्रॉइड प्रणालींत जोडस्पर्शासाठीं ३०० मिलिसेकंदांची मुदत ठरलेली आहे. हेडफोनच्या तारेवरील कळ पाहा : एकदां दाबल्यास गाणें थांबतें, दोनदां दाबल्यास पुढचें लागतें, तीनदां दाबल्यास मागचें. अर्थात् गाणें थांबविण्यापूर्वी यंत्राला किंचित् थबकावेंच लागतें. चपळ माणसाला हा विलंब जाणवतो, आणि मुदत कमी केली तर वृद्धाचें बोट मागें पडतें.

हेडफोनच्या बाबतींत चूक झाली तर फार तर भलतेंच गाणें लागेल. पण भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईलांत संकटकाळची सोय आवश्यक केली. साध्या यंत्रांत ५ किंवा ९ चा आंकडा दाबून धरावयाचा. स्मार्टफोनांत चालू-बंदची कळ झटपट तीनदां दाबणें हा एक मान्य मार्ग. हांक जाते ती ११२ क्रमांकाकडे.

अँड्रॉइडच्या २०२१ मधील बाराव्या आवृत्तींत अशीच सोय पांच दाबांची आली. खिशांत कळ दाबली जाऊं लागली, आणि जून २०२३ मध्यें ब्रिटनच्या पोलीसप्रमुखांना ९९९ वर येणाऱ्या मुक्या फोनांविषयीं जाहीर तक्रार करावी लागली. चुकून फोन लागलाच तर तो तोडूं नये, 'संकट नाहीं' एवढें सांगावें, अशी त्यांची विनंति होती. कारण मुका फोन खरोखरीच्या संकटांतूनही येतो.

आयफोनची गोष्ट याहून नाजूक आहे. दृष्टिहीन मनुष्य कडेची कळ तीनदां दाबून पडद्यावरील मजकूर वाचणारा आवाज चालू करूं शकतो, आणि भारतांत संकटाची खूणही तीन दाबांचीच! म्हणून ज्यानें ती सोय लावून घेतली असेल, त्यानें मदत मागतांना कडेची कळ व आवाजाची एक कळ अशा दोन्ही एकदम दाबून धराव्या. घरांतील कोणासाठीं ही सोय लावून देणाऱ्यानें हा बदल त्याच बैठकींत त्याच्या बोटांना शिकवून ठेवावा.