ताप लपविला तेव्हा

मी सातवी शिकलेली बाई. भाषण कसले, घरचेच सांगते. १ एप्रिल २०२० रोजी आपल्या धारावीत करोनाचा पहिला रोगी सापडला. दूर राहा म्हणत. एका खोलीत सहा माणसे, संडास सार्वजनिक, दूर राहायचे कुठे? आमच्या ह्यांना ताप आला, तो मी दोन दिवस लपविला. धरून नेतील ही भीती! मग महापालिकेची माणसेच दारोदार ताप तपासत आली. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला. ह्यांना शाळेत वेगळे ठेवले. दोन वेळचे जेवण, गोळ्या, सगळे फुकट. हे बरे होऊन आले. पण शेजारच्या आजींनाही ताप आला होता. त्या वाचल्या, आज समोर बसल्या आहेत. ते दोन दिवस त्यांना मी आजवर सांगितले नव्हते.