वेदनेला टक्केवारी नसते
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या ओट्यावर जी रांग लागते, तिच्यात बसलेल्या बहुतेकांकडे पाहिल्यावर वेगळी चौकशी करावी लागत नाही. कुणाच्या काखेत कुबडी असते, कुणाच्या हातात पांढरी काठी. त्याच रांगेत एखादा पन्नाशीचा हमालही भेटतो. त्याचे हातपाय शाबूत आहेत, डोळे-कान चांगले आहेत. तीस वर्षे बाजार समितीच्या आवारात पोती वाहून त्याची पाठ मात्र कामातून गेली आहे. रात्री त्याला झोप नाही, तासभर एका जागी बसवत नाही, आणि आठवड्यातले चार दिवस कामावर जाता येत नाही. डॉक्टर त्याला वाकायला सांगतात. तो दात-ओठ खाऊन वाकतो. कागदावर नोंद होते की हालचाल पुरेशी आहे. त्या एका वाकण्याची किंमत म्हणून पुढचे दोन दिवस तो अंथरुणाला खिळणार आहे, याची नोंद करण्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही.

आजचा विषय हा न छापलेल्या रकान्याचा आहे.

२०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संमत केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्याच्या परिशिष्टात ते एकवीस झाले. ही प्रगती आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कायद्यातील मूळ व्याख्या तर फारच उदार आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक वा संवेदनविषयक उणीव असलेली आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने समाजजीवनात सहभागी होऊ न शकणारी व्यक्ती, अशी ती व्याख्या आहे. आपला हमाल तिच्यात सहज बसतो.

परंतु प्रत्यक्ष लाभ या व्याख्येवर मिळत नाहीत. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातील पाच टक्के जागा, दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांतील पाच टक्के वाटा हे सारे परिशिष्टातील नामनिर्दिष्ट अपंगत्व किमान चाळीस टक्के असल्याचा दाखला ज्याच्या हाती आहे, त्यालाच. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाची अट ऐंशी टक्क्यांची आणि दारिद्र्यरेषेखालील असण्याची. त्यातील केंद्राचा ३०० रुपयांचा वाटा २०१२ साली ठरला, तो पुढे दशकभर हलला नाही. महाराष्ट्रात १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना दरमहा २५०० रुपये देण्याचा निर्णय २०२५ साली झाला. रक्कम वाढली हे चांगलेच झाले. पण दाखल्याशिवाय तीही नाही. म्हणजे व्याख्या दारात उभी राहून स्वागत करते आणि टक्केवारी उंबरठ्यावर अडवते.

परिशिष्टातील एकवीस प्रकारांत ‘दीर्घकालीन वेदना’ हा प्रकार नाही. वस्तुतः वैद्यकशास्त्राने तिला केव्हाच मान्यता दिली आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वा पुनःपुन्हा उद्भवणारी वेदना ही, काही परिस्थितीत, स्वतःच एक व्याधी असते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेले रोगवर्गीकरण सांगते. क्ष-किरणांच्या छायाचित्रात काही दिसले नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. हे आता शास्त्रातले वादाचे मत राहिलेले नाही.

मग टक्केवारीचा हा आग्रह आला कोठून? त्याचे मूळ कारखान्यात आहे. यंत्रात कामगाराचा अवयव गेला तर मालकाने किती भरपाई द्यावी, हे ठरविण्यासाठी शरीराच्या एकेका भागाला दर लावण्यात आला. आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात असा तक्ता होता. अंगठा गेला तर मिळकतीच्या क्षमतेची हानी तीस टक्के. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तक्ता नव्या संहितेत येऊन बसला. हा तक्ता मिळवण्यासाठी जगभरच्या कामगारांनी झगडा दिला आहे, म्हणून त्याला कमी लेखता येत नाही. पण त्याची दृष्टी अपघाताची आहे. एक दिवस, एक यंत्र, एक तुटलेला अवयव. हमालाच्या पाठीला अपघाताची तारीख नसते. ती दर पोत्यागणिक, दर दिवसागणिक झिजते. १९६९ च्या माथाडी कायद्याने असंघटित हमालाला कामगार म्हणून ओळख दिली. त्याच्या झिजलेल्या पाठीला मात्र अजून कोणत्याही कायद्याने ओळख दिलेली नाही.

अपंगत्वाच्या मूल्यमापनाने तीच दृष्टी पुढे चालवली. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत किती बळ आहे, हे कोनमापक घेऊन मोजायचे आणि बेरीज करायची. गंमत अशी की, परिशिष्टात चलनविषयक अपंगत्वाची व्याख्या करताना ‘स्वतःची व वस्तूंची हालचाल’ करण्यातील असमर्थता असे शब्द आहेत. वस्तूंची हालचाल! हमालाचा अवघा धंदा याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. व्याख्या त्याच्या बाजूची आहे, मोजपट्टी नाही.

येथे एक आक्षेप हमखास येतो. वेदना दिसत नाही, मग ती मोजणार कशी? याला उत्तर आपल्याच कायद्यात आहे. मानसिक आजार १९९५ पासून अपंगत्वात धरला जातो. तोही क्ष-किरणांत दिसत नाही. त्यासाठी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी जी मापनपद्धती तयार केली, ती चार गोष्टी विचारते : माणूस स्वतःची निगा राखू शकतो का, इतरांशी त्याचे संबंध कसे आहेत, त्याला संवाद साधता येतो का, आणि त्याच्याकडून काम होते का. शिवाय आजार किती काळ टिकला आहे, हेही ती विचारात घेते. मनाच्या व्याधीला जी रीत चालते, ती पाठीच्या व्याधीला का चालू नये? मोजण्याचे साधन नाही, ही सबब येथे टिकत नाही. ते साधन वापरण्याची इच्छा नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. खोटी प्रमाणपत्रे निघतात, हे खरे आहे. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम बदलले आणि प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. येथे अर्थशास्त्रातील एक साधा विचार उपयोगी पडतो. कोर्निया आणि स्टुअर्ट या अर्थतज्ज्ञांनी लक्ष्याधारित योजनांतील दोन चुका वेगळ्या करून दाखवल्या : अपात्र माणूस आत येणे ही एक, आणि पात्र माणूस बाहेर राहणे ही दुसरी. पहिली चूक सरकारी हिशेबात दिसते, कारण तिच्यात पैसा जातो. दुसरी चूक कोणत्याच हिशेबात दिसत नाही, कारण तिच्यात फक्त माणूस जातो. पहिल्या चुकीवर चौकशी होते, वर्तमानपत्रांत मथळे येतात. दुसऱ्या चुकीवर घरातील भांडी गहाण पडतात आणि मुलीची शाळा सुटते. ज्या राज्ययंत्रणेला पहिल्या चुकीचीच भीती वाटते, ती प्रत्येक अर्जदाराकडे आरोपी म्हणून पाहू लागते.

या दुसऱ्या चुकीची किंमत किती असते, याचा अंदाज अमर्त्य सेन यांच्या विवेचनातून येतो. अपंगत्वामुळे मिळकत घटते, हा एक तोटा. परंतु मिळालेल्या पैशाचे जगण्यात रूपांतर करण्याची शक्तीही घटते, कारण त्याच जगण्यासाठी औषध, रिक्षा, मदतनीस असा जादा खर्च लागतो. वीबके कुक्लिस या संशोधिकेच्या ब्रिटनमधील अभ्यासाचा सेन यांनी आधार दिला आहे. एकूण लोकांत सुमारे १८ टक्के गरीब. अपंग व्यक्ती असलेल्या कुटुंबांत सुमारे २३ टक्के. आणि हा जादा खर्च हिशेबात धरला की त्याच कुटुंबांत सुमारे ४७ टक्के. ब्रिटनसारख्या देशाची ही कथा. आपल्याकडे वेदना घेऊन जगणाऱ्या मजुराचा असा हिशेब मांडलाच जात नाही, कारण शासनाच्या लेखी तो अपंगच नाही.

या अदृश्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. संधिवात, सर्वांगातील स्नायूंची दीर्घकालीन वेदना या व्याधी पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात. वेदना सोसणे हा बाईचा धर्म आहे, असे आपल्या घराघरांत शिकवले गेले. ‘तुला काय झालंय, चांगली तर दिसतेस’ हे वाक्य ती सासरी ऐकते, दवाखान्यात ऐकते आणि शेवटी तपासणी मंडळासमोरही ऐकते. तिने केलेला स्वयंपाक, भरलेले पाणी राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही. मग ते करता येईनासे झाले, ही हानी तरी कोण धरणार?

कायद्याला वेदना अगदीच अमान्य आहे, असेही नाही. सिकलसेल हा रक्तदोष २०१६ च्या परिशिष्टात आला. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी भागांत हा आजार आहे, आणि असह्य वेदनेचे वारंवार येणारे झटके हेच त्याचे प्रमुख लक्षण. म्हणजे दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत ठीक दिसणारा माणूसही अपंग असू शकतो, हे संसदेने मान्य केले. परंतु त्याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमात नोकरीतील आरक्षणाचे गट पाडताना रक्तदोषांना जागा दिली नाही. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने राखून ठेवले.

परदेशात काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून वैयक्तिक स्वावलंबन भत्ता दिला जातो. त्याच्या नियमांत एक शहाणपणाची तरतूद आहे. अर्जदाराला एखादी क्रिया जमते, असे केव्हा म्हणायचे? ती सुरक्षितपणे, नीट, पुनःपुन्हा आणि वाजवी वेळात जमत असेल तरच. आणि निम्म्याहून अधिक दिवस काय स्थिती असते, तेही पाहायचे. आपल्या हमालाला हाच प्रश्न विचारायला हवा होता. वाकता येते का, एवढे विचारून भागत नाही. वाकून झाल्यावर उद्या उठता येईल का, हे विचारले पाहिजे.

अर्थात नियम चांगला असला की न्याय मिळतोच, असे नाही. तेथे तपासणीचे काम खासगी कंपन्यांना दिले गेले, अर्ज मोठ्या प्रमाणावर नाकारले गेले, आणि न्यायाधिकरणापर्यंत नेटाने पोहोचलेल्या अर्जदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक जिंकत राहिले. ज्यांना तिथवर पोहोचणे झेपले नाही, त्यांचे काय? २०२५ साली तेथील मजूर पक्षाच्या सरकारने या भत्त्याच्या अटी अधिक कडक करण्याचे विधेयक आणले. अपंगांच्या संघटना उभ्या राहिल्या, सरकारपक्षाचेच अनेक खासदार बंडाला उठले आणि जुलैमध्ये ती तरतूद मागे घ्यावी लागली. आपले म्हणवणारे सरकारही तिजोरीचा धाक दाखवून दुबळ्यांच्या भाकरीला हात घालू शकते, आणि संघटित दडपणापुढे तो हात मागेही घेते. हे दोन्ही धडे समाजवाद्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

मागण्या तीनच, पण नेमक्या असाव्यात. परिशिष्टात भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला कायद्यानेच दिला आहे. तो वापरून दीर्घकालीन वेदनेचा समावेश करावा. मूल्यमापनात सांध्याच्या कोनाबरोबर रोजच्या कामाचा आणि त्यातील सातत्याचा विचार बंधनकारक करावा. आणि चाळीस टक्क्यांच्या एकाच कड्यावरून माणसाला खाली लोटण्याऐवजी मदतीच्या पायऱ्या असाव्यात. एकोणचाळीस टक्के आणि चाळीस टक्के यांच्या दुखण्यात असा कोणता फरक आहे, की एकाला सर्व मिळावे आणि दुसऱ्याला काहीच नाही?

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. अर्जदाराला तीन महिन्यांची साधी वही ठेवायला सांगावी : किती दिवस काम बुडाले, किती वेळ बसवले, कोणते औषध घेतले, रात्री झोप किती लागली. जुन्या चिठ्ठ्या, तपासण्या तारखेने लावून द्याव्यात. मूळ रोगाचे निदान कागदावर स्पष्ट करून घ्यावे. कारण सांध्यांचा वा मणक्याचा आजार चलनविषयक अपंगत्वाच्या व्याख्येत बसू शकतो. मंडळासमोर ‘बरं आहे’ म्हणण्याची आपल्या माणसांची सवय असते. साहेबापुढे दुखणे सांगणे त्यांना लाजिरवाणे वाटते. वाईट दिवस कसा जातो, ते सांगायचे, ही तयारी आधी करून घ्यावी. दाखला नाकारला गेला तर एकोणसाठाव्या कलमाखाली अपील करता येते, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रांगेत त्याच्याबरोबर कुणीतरी असावे.

२०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. लोकसंख्येच्या २.२१ टक्के. मोजण्याची पट्टी आखूड असली की उंची कमीच भरते. शासनाच्या भाषेत ‘अपंग’चा ‘दिव्यांग’ झाला; पण शब्द बदलल्याने रांग पुढे सरकत नाही. दया मागणाऱ्याला पुरावा मागता येतो आणि त्याच्यावर संशयही घेता येतो. तीस वर्षे समाजाचे धान्य पाठीवर वाहिलेला माणूस दया मागत नाही. समाजाकडे त्याचे येणे आहे, आणि ते वसूल करून देण्यासाठी त्याच्या बाजूने रांगेत उभे राहणे, हे आपले काम आहे.