पंप गेला, टाकी राहिली



आज जमिनीच्या व्यवहाराबद्दल बोलायचंय, पण भावाबद्दल नाही. जमीन घेताना आपण जे बघतच नाही, त्याबद्दल.

चेन्नईत मराठी माणसं बरीच आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी आलेली कुटुंबं आहेत, नोकरीसाठी आलेले आहेत, तंजावर मराठी तर पिढ्यान् पिढ्या इथलेच आहेत. चार पैसे साठले की आपण जागा बघतो. कागद तपासतो. गावाकडे सातबारा, इथे पट्टा आणि ईसी, ज्याला तमिळमध्ये ‘विल्लंगम’ म्हणतात. कर्ज, बोजा, वारसदार, सगळं त्यात कळतं. जमिनीच्या पोटात काय आहे, ते मात्र त्यात नसतं.

समजा, रस्त्यालगतच्या कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट आहे. पूर्वी तिथे पेट्रोल पंप होता. शहरांतले कितीतरी जुने पंप भाड्याच्या जागेवर उभे राहिले. बर्मा-शेलचा भारतातला कारभार 1976 च्या कायद्याने सरकारने घेतला, तेव्हा जुने भाडेकरार त्याच अटींवर वाढवायची सोयही त्या कायद्यात होती. ती मुदत संपल्यावर मालकांनी जागा परत मागितल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, कुठे कुठे जागा परत मिळाल्याही. छत उतरतं, मशीन जातं. पण दहा-वीस हजार लिटरची लोखंडी टाकी जमिनीखाली असते. ती निघाली की नाही, हे वरून दिसत नाही. आणि फक्त पंपच नव्हे. बस डेपो, गॅरेज, जनरेटरसाठी डिझेल साठवणारी जुनी हॉटेलं, कारखाने, इथेही हाच प्रश्न येतो.

लोखंड ओल्या जमिनीत गंजतं. समुद्रकाठच्या खाऱ्या पाण्यात जास्तच. आणि बऱ्याचदा गळती टाकीपेक्षा आधी पाइपच्या जोडांमधून होते. थेंब थेंब जातो, हिशेबात पकडलाच जात नाही.

हे थेंब किती महाग पडतात बघा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त 1 टक्का चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण पावणेनऊ ग्रॅम. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. करा हिशेब. एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझिन पाण्यात उतरलं, तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. बारा हजार लिटरचे सत्तरहून जास्त टँकर! प्रत्यक्षात काही उडून जातं, काही जिवाणू खातात. पण प्रमाण लक्षात आलं ना?

चेन्नईला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. उत्तर चेन्नईत तोंडियारपेट आहे. 2013 मध्ये तिथल्या रहिवाशांच्या बोअरच्या पाण्यात तेल यायला लागलं. बंदरातून भारत पेट्रोलियमच्या साठ्यापर्यंत जाणारी पाइपलाइन वस्तीच्या खालून जात होती आणि ती गळत होती. ही टाकीची नाही, पाइपलाइनची गोष्ट आहे. पण जमिनीला त्याने फरक पडत नाही. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. गळती थांबवणं हे काम त्यातल्या त्यात सोपं. जमिनीत मुरलेलं तेल बाहेर काढणं वर्षानुवर्षं चालतं. आणि हे अशा शहरात, जिथे 2019 च्या उन्हाळ्यात तलाव कोरडे पडले आणि लोक घागरी घेऊन टँकरसमोर उभे राहिले. त्या दिवसांत घरची विहीर चांगली असणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते इथे राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत सांता मोनिका शहराला 1996 मध्ये आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पेट्रोलमध्ये मिसळलेलं एमटीबीई नावाचं रसायन पाण्यात उतरलं होतं. शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा गेला. तिथे जमिनीखालच्या टाक्यांसाठी 1984 मध्येच कायदा झाला होता. जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा, यासाठी डिसेंबर 1998 ची मुदत दिली गेली. आता तिथे व्यापारी जागा घेताना आधी पर्यावरणाची तपासणी करून घेण्याची रीतच पडली आहे.

ही तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात फावडं लागत नाही. जुने परवाने आणि नकाशे बघायचे. पेट्रोल साठवण्याचा परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. मंजूर नकाशात टाकी कुठे, किती मोठी, ते असतं. मग जागेवर फिरायचं. भिंतीलगत उभा बारीक व्हेंट पाइप, जमिनीतलं लोखंडी झाकण, काँक्रीटचं वेगळ्या रंगाचं ठिगळ. आणि पंपावर काम केलेल्या जुन्या माणसाशी बोलायचं. कागदात नसलेलं तो सांगतो.

संशय आला तर दुसरा टप्पा. बोअर मारून माती आणि पाणी घ्यायचं, प्रयोगशाळेत द्यायचं. नुसत्या वासावर जाऊ नका, बेंझिन वास येण्याच्या कितीतरी आधी घातक असतं. पंप 2000 सालाआधीचा असेल तर शिसंही तपासा. तोवर आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल मिळत होतं.

आता टाकी काढणं. इथे मी जरा आवाज चढवून बोलणार आहे. कारण आपल्याकडे काय होतं? भंगारवाल्याला सांगतात, तो जेसीबी आणि गॅस कटर घेऊन येतो. मंडळी, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. एक ठिणगी पुरे. आत उतरणारा मजूर वाफेनेच बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही तिथेच.

म्हणून क्रम पाळायचा. उरलेलं तेल उपसायचं. वाफ बाहेर काढायची किंवा नायट्रोजन भरायचा. मीटरने गॅस मोजायचा. टाकी गॅसमुक्त असल्याचा जाणकार माणसाचा दाखला मिळेपर्यंत आग नाही, कटर नाही, कोणी आत उतरणार नाही. तळाचा गाळ घातक कचरा असतो, तो गटारात नाही, अधिकृत प्रकल्पातच जातो. टाकी उचलल्यावर खड्डा लगेच बुजवायचा नाही. टाकीच्या दोन्ही टोकांखालची आणि पाइपखालची माती तपासायची, मगच बुजवायचा.

चेन्नईसाठी आणखी एक. हे काम ऑक्टोबरचा पाऊस सुरू व्हायच्या आत उरका. वीस हजार लिटरच्या रिकाम्या टाकीभोवती पाणी भरलं तर ते तिला वीस टनांच्या जोराने वर ढकलतं. टाकीचं स्वतःचं वजन त्याच्या पाव भागही नसतं. ती जमीन फोडून वर येऊ शकते.

कायद्याचं काय? जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नियम काढले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण मंडळाने तपासायच्या, आणि ज्याने घाण केली त्याने खर्च भरायचा. चांगली सुरुवात आहे. पण खरेदीखत नोंदवताना मातीचा दाखला आजही कोणी मागत नाही. तो आपणच मागायचा आहे.

तेव्हा विसार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. इथे पूर्वी काय होतं? टाकी होती तर ती काढल्याचा कागद कुठे आहे? खड्ड्यातल्या मातीचा अहवाल कुठे आहे? उत्तर नसेल तर तपासणीचा आणि सफाईचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या. आणि तुम्ही विकणारे असाल, तर विचारायची वाट न बघता हे कागद स्वतःहून पुढे ठेवा. शेजारच्या घरात त्याच जमिनीतलं पाणी पितात.