पट उरले, नियम हरपले
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



खेळांचे संशोधन हाही एखाद्याचा व्यवसाय असू शकतो, असे सांगितले की श्रोत्यांच्या मुखावर स्मित उमटते. ते मी दरवेळी गृहीतच धरतो. या व्यवसायाला दोन पंचांगे असतात. एक परिसंवादांचे, दुसरे सणांचे. श्रावणात मंगळागौरीच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणे येते, नवरात्रात भोंडल्याला, आणि आश्विनी पौर्णिमेस कोजागरीला. त्या रात्री जागरणासाठी अक्षक्रीडा करावी, असे आपल्या धर्मग्रंथांतच सांगितले आहे. कार्तिकातील पहिली तिथी तर द्यूतप्रतिपदाच. म्हणजे माझ्या विषयाची प्रतिष्ठा विद्यापीठांनी मान्य करण्यापूर्वी पंचांगाने मान्य केली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

परिसंवादांचे म्हणाल, तर १९९० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन पटखेळांवर एक मोठा परिसंवाद झाला आणि पुढे निरनिराळ्या देशांत अशा परिषदा भरू लागल्या. तेथे पुरातत्त्वज्ञ, गणिती, संस्कृतज्ञ असे नाना प्रकारचे विद्वान जमतात. चर्चा मात्र वारंवार एकाच ठिकाणी येऊन अडते. पट सापडतो, सोंगट्या सापडतात. पण खेळावयाचे कसे, हे सापडत नाही. आपल्याकडील लेण्यांच्या ओसऱ्यांत आणि देवळांच्या फरसबंदीत कोरलेले पट पाहा. ते केव्हा कोरले, हे दगडाच्या वयावरून ठरत नाही. पुढील कोणत्याही शतकात एखाद्या वाटसरूने किंवा गुराख्याने ते कोरले असतील. आणि त्यावर डाव कसा मांडीत, याविषयी दगड मौन धरून असतो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इराकमधील उर येथील आहे. सर लेनर्ड वुली यांनी १९२०च्या दशकात तेथील राजघराण्याच्या थडग्यांतून वीस घरांचे सुंदर पट काढले. ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. नियम कोणासच ठाऊक नव्हते. पुढे ब्रिटिश म्युझियममधील आयर्विंग फिंकेल यांनी तेथेच पडून असलेली एक मातीची वीट वाचली. बाबिलोनमधील एका लेखनिकाने ती इसवी सनापूर्वी १७७ च्या सुमारास लिहिली होती. तीत या जातीच्या खेळाचे काही नियम निघाले. एका माणसाने एकदा लिहून ठेवले, एवढ्यावर सारे ज्ञान तगले.

परंतु मला त्याहून जवळची वाटते ती कोचीनच्या यहुदी समाजाची हकीकत. त्या लहानशा समाजातील स्त्रिया वीस घरांच्याच पटावर ‘आशा’ नावाचा खेळ खेळत. १९५०च्या दशकात बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि खेळ मागे पडला. कित्येक वर्षांनी तेथील एका वृद्ध स्त्रीस विचारले, तेव्हा लहानपणी खेळलेला तो डाव तिला आठवत होता. उरच्या पटाशी त्याचे नाते किती निकटचे, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. त्या बाईंना विचारावयास कोणी गेलेच नसते, तर वाद घालण्यासही काही उरले नसते.

आता आपल्या घराकडे वळू. ‘पोबारा करणे’ हा वाक्प्रचार येथील प्रत्येकास ठाऊक आहे. पोबारा म्हणजे एक आणि बारा, हे तीन फाशांचे दान होय, हे किती जण सांगू शकतील? शब्द राहिला, दान गेले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात फाशांच्या आणि कवड्यांच्या खेळांना स्थान दिले. आमच्या आजीच्या अष्टाचल्लसला मात्र कोणा ग्रंथकाराने विचारले नाही. चार कवड्या उताण्या पडल्या तर काय, पालथ्या पडल्या तर काय, सोंगटी मारल्यावर पुन्हा दान मिळते की नाही, हे गावागणिक, किंबहुना घरागणिक निराळे असते. हा भेदच अभ्यासाचे खरे धन आहे.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. सणांच्या निमंत्रणांत मला हटकून सांगितले जाते की, सापशिडी ज्ञानेश्वरमाउलींनी शोधली, हे ठासून सांगा. मोक्षपट आपल्याकडे होता, हे निर्विवाद आहे. जैनांचा पट चौऱ्याऐंशी घरांचा, वैष्णवांचा बहात्तरांचा. साप आणि शिड्या म्हणजे पापपुण्य. मात्र अभ्यासकांना मिळालेले पट बहुधा अठराव्या शतकातील वा त्यानंतरचे आहेत, आणि माउलींच्या काळातील पुरावा मिळालेला नाही. माउलींच्या थोरवीस अशा आधाराची गरजही नाही.

मंगळागौरीच्या स्पर्धांविषयीही माझे मत मिश्र आहे. एकरंगी लुगडी नेसून रंगमंचावर फुगडी, झिम्मा घालणाऱ्या भगिनींचा उत्साह पाहून आनंद होतो. परंतु रंगमंचावर जे दिसते तेच जगते. सागरगोटे लांबच्या प्रेक्षकास दिसत नाहीत, म्हणून ते मागे पडले. सावंतवाडीच्या गंजिफांचे तसेच. दशावतारांची ती १२० पाने आजही तेथे रंगवली जातात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. पण ती भेट म्हणून दिली जातात, चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात. दिवसा खेळ रामापासून उघडतो आणि रात्री कृष्णापासून, हे जाणून खेळणारे किती?

म्हणून मंडळाच्या चिटणिसांशी बोलून एक व्यवस्था केली आहे. भोजनोत्तर सभागृहाच्या मागील ओसरीवर सारीपाट, अष्टाचल्लसचा पट आणि सागरगोटे मांडून ठेवले आहेत. शेजारी वही आहे. ज्येष्ठ भगिनींनी तेथे बसून खेळावे. एखाद्या नातीने वा नातवाने खेळाचे नाव, दानांची नावे, गाव आणि कोणाकडून शिकलो ते वहीत लिहावे. दोन घरांचे नियम जुळले नाहीत तर तडजोड करू नये, दोन्ही लिहावेत. ज्यांच्या माळ्यावर जुना कापडी पट असेल त्यांनी तो धुऊ नये, इस्त्री करू नये. छायाचित्र मंडळाच्या कार्यालयात द्यावे. वही कोजागरीपर्यंत तेथेच राहील.